धनादेश, वही आणि बँक: कोकणातल्या लहान व्यावसायिकांसाठी संगणकावरील बँक जुळवणी

मार्च ते मे हा हापूसचा हंगाम. देवगड-रत्नागिरीकडच्या आंबा व्यावसायिकाच्या बँक खात्यावर या तीन महिन्यांत पैशांची जी ये-जा होते, ती पुढे वर्षभर पुन्हा तशी होत नाही. पेट्या वाशीच्या बाजारात जातात, पट्ट्या (दलालाने पाठवलेले विक्रीचे हिशेब) येतात, पट्ट्यांमागून धनादेश येतात, गडीमाणसांना आणि गाडीवाल्यांना पैसे दिले जातात. आणि पाऊस सुरू झाल्यावर घरात बसून हिशेब लिहायला घेतला की वहीतली बँक शिल्लक एक आणि बँकेच्या खातेउताऱ्यातली दुसरीच, असे आढळते. हा फरक कुठून आला ते शोधून त्यातील प्रत्येक रकमेचे कारण लिहून ठेवणे म्हणजे बँक जुळवणी. वाणिज्य शाखेत शिकलेल्यांना ‘बँक जुळवणी पत्रक’ आठवत असेल. हिशेबनिसांच्या बोलण्यात तेच ‘बीआरएस’ होते. हे काम आता संगणकप्रणाली करून देते. ज्यांनी ती अद्याप वापरलेली नाही, किंवा विकत घेऊन कपाटात ठेवली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

सुरुवातीलाच एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. आपण बँकेत पैसे भरले की आपल्या वहीत बँक खाते ‘नावे’ (डेबिट) पडते, मात्र बँकेच्या उताऱ्यात तीच रक्कम ‘जमा’ (क्रेडिट) बाजूला दिसते, कारण उतारा ही बँकेची वही आहे आणि त्या वहीत आपण बँकेचे देणेकरी नसून घेणेकरी आहोत. दोन्ही वह्या परस्परांच्या आरशातल्या प्रतिमा आहेत, हे एकदा मनात पक्के बसले की नवख्यांच्या निम्म्या चुका होतच नाहीत.

पहिली पायरी: एक महिना हाताने जुळवून पाहा

संगणकप्रणाली घेण्यापूर्वी निदान एका महिन्याची जुळवणी कागदावर करावी, असा माझा आग्रह असतो. जो हे करत नाही त्याला प्रणाली काय करते आहे ते कळत नाही, आणि पडद्यावर हिरवी खूण दिसली की तो समाधान मानतो.

उदाहरणासाठी मालवण तालुक्यातील एक काल्पनिक उद्योग घेऊ. तो आमरस, कोकम आगळ आणि काजूगर तयार करतो. ३१ मे रोजी त्याच्या वहीत बँकेची शिल्लक ४,८६,३५० रुपये आहे, तर खातेउताऱ्यात ५,०३,११० रुपये. फरक १६,७६० रुपयांचा. दोन्ही कागद शेजारी ठेवून, जुळलेल्या नोंदींवर पेन्सिलीने खूण करत गेल्यावर पुढील रकमा खुणेवाचून उरतात.

काजू बी पुरवणाऱ्याला दिलेला ६२,००० रुपयांचा आणि बाटल्या पुरवणाऱ्याला दिलेला ३८,५०० रुपयांचा, असे दोन धनादेश अद्याप बँकेत वटण्यासाठी आलेले नाहीत. कोल्हापूरच्या विक्रेत्याचा ७५,००० रुपयांचा धनादेश आपण ३० मे रोजी दुपारी उशिरा भरला, पण तो खात्यात जमा झालेला नाही. बँकेने सेवाशुल्क ५०० आणि त्यावरील १८ टक्के जीएसटी ९०, असे ५९० रुपये कापले आहेत आणि त्याची नोंद वहीत नाही. पुण्याच्या एका ग्राहकाने २४,२०० रुपये परस्पर एनईएफटीने पाठवले, तेही वहीत नाहीत. यंत्रावरील कर्जाचा ३१,४५० रुपयांचा हप्ता बँकेने आपोआप वळता केला आहे. शेवटी, आपण दिलेला आणि वटलेला एक धनादेश प्रत्यक्षात ५४,३०० रुपयांचा असताना वहीत ५३,४०० असा लिहिला गेला आहे.

आता वहीच्या ४,८६,३५० मध्ये न वटलेले १,००,५०० मिळवा आणि जमा न झालेले ७५,००० वजा करा. त्यानंतर शुल्काचे ५९० वजा, पुण्याचे २४,२०० अधिक, हप्त्याचे ३१,४५० वजा आणि चुकीचे ९०० वजा केले की बरोबर ५,०३,११० येतात.

या यादीतील सर्व रकमा मात्र एका जातीच्या नाहीत, आणि या साऱ्या कामाचे मर्म त्यातच आहे. न वटलेले धनादेश आणि जमा न झालेला भरणा हा केवळ वेळेचा फरक आहे. त्यासाठी वहीत कोणतीही नवी नोंद करायची नसते, तो पुढील महिन्यात आपोआप मिटतो. उरलेल्या चार रकमा म्हणजे आपल्या वहीतील उणिवा. त्यांची नोंद केलीच पाहिजे. त्या नोंदी केल्यावर वहीची खरी शिल्लक ४,७७,६१० रुपये होते, आणि ताळेबंदात हीच रक्कम जाते. उताऱ्यातील ५,०३,११० नव्हे आणि आधीचे ४,८६,३५० तर नव्हेच. कित्येकजण बँकेच्या शिल्लकेशी वही ‘मिळवण्यासाठी’ उरलेला फरक किरकोळ खर्चात किंवा उचंत खात्यात (कारण न कळलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात) टाकून मोकळे होतात. असे केल्यावर दिलेला धनादेश पुढच्या महिन्यात वटतो आणि वही पुन्हा बिघडते.

जाता जाता ९०० रुपयांविषयी. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल, तर लिहिताना शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले असण्याची शक्यता मोठी असते. जुन्या हिशेबनिसांची ही युक्ती संगणकाच्या काळातही उपयोगी पडते.

दुसरी पायरी: प्रणाली निवडणे

ढोबळमानाने दोन पद्धतींच्या प्रणाली आढळतात. पहिल्या पद्धतीत आपल्या वहीतील बँकेची प्रत्येक नोंद समोर येते आणि तिच्यापुढे बँकेची तारीख लिहायची जागा असते. ज्या नोंदीपुढे तारीख नाही ती न वटलेली, असा साधा नियम. टॅलीप्राइममधील बँक जुळवणी मुळात अशीच आहे. पडद्याच्या तळाशी वहीची शिल्लक, बँकेत न उमटलेल्या रकमा आणि बँकेची शिल्लक अशा तीन ओळी दिसत राहतात. दुसऱ्या पद्धतीत खातेउताऱ्यातील ओळी प्रणालीत उतरवल्या जातात आणि प्रत्येक ओळीसाठी वहीतील संभाव्य जोडीदार सुचवला जातो. झोहो बुक्ससारख्या इंटरनेटवर चालणाऱ्या प्रणाली असे काम करतात. टॅलीप्राइममध्येही उतारा आयात करण्याची सोय आहे, त्यामुळे ही सीमारेषा आता पूर्वीइतकी ठळक राहिलेली नाही. पैसे खर्च न करता शिकायचे असेल तर जीएनयूकॅश ही मुक्त प्रणाली आहे; ती उताऱ्याची तारीख आणि अखेरची शिल्लक विचारते आणि फरक शून्य होईपर्यंत नोंदींवर खुणा करायला लावते.

महिन्याला चाळीस-पन्नास नोंदी असलेल्या व्यावसायिकाने केवळ जुळवणीसाठी नवी प्रणाली विकत घेऊ नये, एक्सेल पुरेसे आहे, असे माझे मत आहे. नोंदी शेकड्यांनी होऊ लागल्या, खाती दोन-तीन झाली, किंवा हिशेब लिहिणारा आणि धनादेशावर सही करणारा वेगळा झाला, म्हणजे प्रणालीची वेळ आली असे समजावे.

घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. आपली बँक त्या प्रणालीला थेट जोडता येते का, हे विक्रेत्याच्या जाहिरातीवरून न ठरवता चाचणीच्या काळात स्वतःच्या खात्यावर करून पाहावे. मोठ्या बँकांच्या बाबतीत जे चालते ते आपल्या जिल्ह्यातील सहकारी बँकेच्या बाबतीत चालेलच असे नाही. दुसरे म्हणजे पाऊस. जून-जुलैत ज्या गावी वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे असतात, तेथे काम केवळ इंटरनेटवर अवलंबून ठेवणे गैरसोयीचे ठरते. संगणकावरच बसवलेली प्रणाली आणि तिची आठवड्याला बाहेरच्या डिस्कवर घेतलेली प्रत, ही जोडी अशा ठिकाणी अधिक विश्वासू. व्यवसाय कंपनी म्हणून नोंदलेला असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना नोंदींतील प्रत्येक बदलाचा माग ठेवणारी प्रणाली वापरणे बंधनकारक आहे, हेही ध्यानात ठेवावे. एकल मालकीच्या व्यवसायाला ही सक्ती नाही, पण सोय असेल तर ती सुरू ठेवण्यात तोटा काहीच नाही.

तिसरी पायरी: आरंभीची शिल्लक

नवख्यांचे काम सर्वाधिक वेळा अडते ते येथे. समजा, १ एप्रिलपासून प्रणाली वापरायला घेतली आणि वहीतील ३१ मार्चची शिल्लक आरंभी भरली. मार्चमध्ये दिलेले तीन धनादेश एप्रिलमध्ये वटले, तर उताऱ्यात ते दिसतील, पण प्रणालीत त्यांची नोंदच नसेल, कारण ती जुन्या वहीत राहिली. म्हणून ३१ मार्चला न वटलेल्या धनादेशांची आणि जमा न झालेल्या भरण्यांची यादी आरंभीच्या शिल्लकेबरोबर स्वतंत्रपणे भरावी लागते. टॅलीत यासाठी ‘ओपनिंग बीआरएस’ अशी सोय आहे. ती सोय सोडून जे पुढे जातात त्यांच्या जुळवणीत एकच ठरावीक रक्कम महिनोन् महिने मागे लागलेली दिसते. फरक दर महिन्याला तोच येत असेल, तर चूक या महिन्यात शोधू नये. ती आरंभी आहे.

चौथी पायरी: खातेउतारा आणणे

नेट बँकिंगमधून उतारा एक्सेल किंवा सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) स्वरूपात घ्यावा. पीडीएफ वाचायला चांगली, पण संगणकात उतरवायला त्रासाची. ज्या बँका केवळ पासबुक किंवा पीडीएफ देतात, त्यांच्याबाबतीत तारखा हाताने भरण्याची पहिली पद्धतच वापरावी. त्यात कमीपणा काही नाही.

फाइल उघडल्यावर तीन ठिकाणी दगा होतो. धनादेशाचा क्रमांक सहा अंकी असतो, पण एक्सेल ०००४१८ मधील आरंभीची शून्ये गाळून ४१८ करते, आणि वहीत पूर्ण क्रमांक लिहिला असेल तर प्रणालीला दोन्ही एकच आहेत हे कळत नाही. यूपीआयचा संदर्भ क्रमांक बारा अंकी असतो. एक्सेल तो दशांश आणि घात असा आखडून दाखवते, आणि त्याच अवस्थेत फाइल सीएसव्ही म्हणून जतन केली की मागचे अंक कायमचे जातात. म्हणून फाइल आयात करतानाच हे स्तंभ ‘मजकूर’ म्हणून ठरवावेत. तिसरा दगा तारखेचा: संगणकाची मांडणी महिना आधी, दिवस नंतर अशी असेल तर ५ जून ही तारीख ६ मे होते आणि कोणतीही सूचना न देता चुकीच्या महिन्यात जाऊन बसते. तेरा तारखेपासून पुढच्या तारखा मात्र नीट दिसतात किंवा नाकारल्या जातात, त्यामुळे चूक अर्धवट राहते आणि ओळखणे अवघड होते.

आयात झाल्यावर लगेच जुळवायला बसू नये. आरंभीची शिल्लक, एकूण जमा, एकूण काढलेली रक्कम आणि अखेरची शिल्लक हे चार आकडे मूळ उताऱ्याशी ताडून पाहावेत. एक पान सुटले असेल किंवा तोच उतारा दोनदा उतरला असेल तर ते येथेच समजते.

पाचवी पायरी: जुळवणी

प्रणाली जोडीदार शोधते ती रक्कम, तारीख आणि संदर्भ क्रमांक या तीन खुणांवरून. धनादेश क्रमांक आणि रक्कम दोन्ही जुळत असतील तर सूचना डोळे झाकून मान्य करायला हरकत नाही. केवळ रक्कम जुळते म्हणून सुचवलेली जोडी मात्र प्रत्येक वेळी पाहावी. तारकर्लीला घरगुती निवास चालवणाऱ्याकडे मे महिन्यात आगाऊ रक्कम म्हणून दोन-दोन हजारांचे पंधरा भरणे आले, तर प्रणाली कोणाचेही पैसे कोणाच्याही नावावर बसवते. बँकेची शिल्लक तरीही बरोबर येते, पण ज्याने पैसे भरले त्यालाच आपण पुन्हा मागणीचा फोन करतो. जुळवणीतला फरक शून्य झाला म्हणजे हिशेब बरोबर, असे म्हणूनच समजता येत नाही. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकत असतील तरीही तेथे शून्यच दिसते.

कोकणातील व्यवसायात आणखी एक अडचण वारंवार येते. बाजारातील दलाल प्रत्येक पेटीमागे पैसे पाठवत नाही. तो पाच-सहा पट्ट्यांचा मिळून एक धनादेश देतो किंवा एकदम आरटीजीएस करतो, आणि पट्टीत वाहतूक, हमाली वगैरे कापलेली असते. वहीत विक्री पूर्ण रकमेची असेल आणि खात्यात निव्वळ रक्कम आली असेल, तर प्रणालीला जोडीदार सापडणार नाही. यावर उपाय असा की प्रत्येक पट्टी आली की तिच्यावरूनच विक्री, कपात आणि दलालाकडील येणे या नोंदी कराव्यात, आणि पैसे आल्यावर एकच जमा नोंद करून ती त्या पट्ट्यांपुढे वाटून द्यावी. बहुतेक प्रणालींत अनेक नोंदींना एका ओळीशी जोडण्याची सोय असते. कोणत्या धनादेशात कोणत्या पट्ट्या धरल्या आहेत हे दलालाकडून त्याच दिवशी विचारून घ्यावे. हंगाम संपल्यावर त्यालाही ते आठवत नाही.

कार्डयंत्राचेही असेच. ग्राहकाने ३,००० रुपये दिले तरी खात्यात शुल्क वजा होऊन, बहुधा दुसऱ्या दिवशी आणि दिवसभराच्या रकमा एकत्र होऊन पैसे येतात. यासाठी ‘कार्डयंत्राकडून येणे’ असे मधले खाते उघडावे, विक्री त्यात टाकावी, आणि बँकेत रक्कम आली की शुल्काची नोंद करून ते खाते शून्यावर आणावे.

सहावी पायरी: उरलेल्या नोंदी

उताऱ्यात आहे पण वहीत नाही, अशा रकमांची नोंद आता करायची. शुल्कावरील जीएसटी वेगळा दाखवावा, कारण नोंदणीकृत व्यावसायिकाला त्याची वजावट मिळू शकते. कर्जाचा हप्ता सगळाच खर्चात टाकू नये. आपल्या उदाहरणातील ३१,४५० मध्ये व्याज ९,२०० असेल तर तेवढाच खर्च, उरलेले २२,२५० मुद्दल कर्जखात्यातून कमी होते. कॅश क्रेडिट (ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचल देणारे कर्ज) खाते असणाऱ्यांनी शिल्लकेचे चिन्ह तपासावे: तेथे आपण बँकेचे देणे लागतो, आणि काही बँका ती शिल्लक उणे चिन्हाने दाखवतात, काही केवळ ‘नावे’ असे लिहितात.

न वटता परत आलेल्या धनादेशाकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. उताऱ्यात तो आधी जमा दिसतो, नंतर तेवढीच रक्कम वजा आणि त्यामागून परतीचे शुल्क. प्रणाली पहिली ओळ जुळवून मोकळी होते आणि दुसरी ‘अनोळखी खर्च’ म्हणून लोंबकळत राहते. तेथे ग्राहकाकडून येणे पुन्हा उभे करणारी नोंद करावी. पुरेशी रक्कम नसल्याने धनादेश परत आला असेल आणि परक्राम्य संलेख अधिनियम (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट), १८८१ च्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार करायची असेल, तर बँकेकडून परतीची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती मिळाल्यावर धनादेश देणाऱ्याला पैसे चुकते करण्यासाठी १५ दिवस मिळतात. जो तीन महिन्यांनी जुळवणी करतो त्याच्या हातून ही मुदत सहज निसटते. हंगामात म्हणून जुळवणी आठवड्याला करावी; इतर महिन्यांत महिन्यातून एकदा पुरते.

सातवी पायरी: महिना बंद करणे

पत्रकाची पीडीएफ प्रत उताऱ्यासह एका जागी ठेवावी आणि प्रणालीत तो महिना कुलूपबंद करावा, म्हणजे जुळवलेली जुनी नोंद नंतर कोणाकडून चुकून बदलली जाणार नाही. जो धनादेश लिहितो त्यानेच जुळवणी करू नये, हा नियम दोन माणसांच्या पेढीत पाळणे कठीण असते. तेथे निदान मालकाने बँकेकडून थेट आलेला उतारा स्वतः चाळावा. हिशेबनिसाला नेट बँकिंगचा आपला पासवर्ड देऊ नये, केवळ पाहण्यापुरता वेगळा प्रवेश बँकेकडून मागून घ्यावा.

त्यानंतर न वटलेल्यांची यादी तारखेनुसार लावावी. आपल्या उदाहरणात जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी पाहायच्या आहेत. कोल्हापूरचा ७५,००० चा धनादेश दोन-तीन कामकाजाच्या दिवसांत जमा झाला पाहिजे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून धनादेशांचे समाशोधन (क्लिअरिंग) दिवसभर सतत चालते, त्यामुळे ‘चेक अडकला असेल’ म्हणून आठवडाभर थांबण्याचे कारण उरलेले नाही. लहान सहकारी बँका मोठ्या बँकेमार्फत समाशोधनात येतात म्हणून एखादा दिवस अधिक धरावा आणि मग भरणा पावती घेऊन शाखेत जावे. काजू बीवाल्याचा ६२,००० चा धनादेश मात्र त्याच्या खिशात आहे. १ एप्रिल २०१२ पासून धनादेश लिहिलेल्या तारखेपासून तीन महिनेच चालतो. म्हणून दुसरा महिना उलटला की त्याला फोन करावा, धनादेश हरवला असेल तर बँकेला तो न वटवण्याची सूचना द्यावी, वहीतील नोंद उलटवून त्याचे देणे पुन्हा उभे करावे आणि मगच नवा धनादेश लिहावा.